अहवाल निर्दोष, वेदना खरी

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे एक गाव आहे. मे २००० मध्ये तेथे सलग चार-पाच दिवस मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतात गुरांचे शेणखत पसरलेले होते. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील जंतू विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते आणि ते रोज तपासण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनी ते नीट केले नव्हते. पाणी उकळून प्यावे अशी सूचना निघेपर्यंत २१ मे उजाडला. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली आणि सात जण दगावले.

या दुर्घटनेची चौकशी झाली, दोषींना शिक्षा झाली, विहीर बंद झाली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. त्याच प्रांतातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गावातील दोन हजारांवर लोकांची दोन-तीन वर्षांनंतर पुन्हा विचारपूस केली. ज्यांना त्या मे महिन्यात जुलाब झालेच नव्हते, त्यांच्यापैकी १०.१ टक्के लोकांना पोटात वारंवार कळ येणे आणि शौचाची सवय बिघडणे ही तक्रार होती. ज्यांच्या त्या वेळच्या आजाराला वैद्यकीय आधार होता, त्यांच्यात हेच प्रमाण ३६.२ टक्के निघाले. जंतू केव्हाच नाहीसे झाले होते, आतड्याची सूज ओसरली होती, तपासण्यांत काही सापडत नव्हते. तरीही तीन माणसांमागे एकाचे पोट दुखत होते. ही माणसे एकाच पाण्याची, एकाच हवेची, एकाच महिन्यात आजारी पडलेली. इतक्या जणांनी एकाच वेळी आजाराचे सोंग घेतले असे म्हणणे कोणालाही जड जावे.

या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. रक्त तपासून किंवा फोटो काढून ते ओळखता येत नाही. लक्षणांवरूनच ठरवावे लागते. २०१६ साली सुधारलेल्या रोम निकषांनुसार, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणे आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मलाच्या स्वरूपाशी संबंध असणे, यांपैकी किमान दोन गोष्टी जुळणे आवश्यक असते. शिवाय त्रास सुरू होऊन सहा महिने तरी लोटलेले असावेत. कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला जुलाब, तर कोणाला आलटून पालटून दोन्ही. भारतीय गॅस्ट्रोएंटरॉलॉजी सोसायटीच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वसामान्य लोकांपैकी ४.२ टक्क्यांना हा विकार आढळला. म्हणजे पाचशे माणसांच्या मंगल कार्यालयात वीस जण पंगतीत बसण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे ते मनाशी नोंदवून ठेवतात.

घरोघरी पुढचा क्रम ठरलेला असतो. सोनोग्राफी झाली, रक्त झाले, दुर्बिणीने आतडे पाहून झाले. सारे अहवाल निर्दोष. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. घरातील मंडळी त्याचा अर्थ लावतात की दुखतच नाही. सून असेल तर कामाचा कंटाळा, मुलगा असेल तर परीक्षेची भीती, सासूबाई असतील तर लक्ष वेधून घेण्याची युक्ती. रोगी माणूस दुखणे बोलून दाखवणे थांबवतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरांकडे त्याच तपासण्या पुन्हा करवतो. यात पैसा जातो, पण पैशाहून मोठे नुकसानही होते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की आयबीएस असणाऱ्यांचे पित्ताशय काढून टाकण्याचे प्रमाण इतरांच्या तिप्पट आणि अपेंडिक्स व गर्भाशय काढण्याचे प्रमाण दुप्पट होते. कळ नेमकी कशाची हे न कळल्यामुळे निरोगी अवयवांवर सुरी चालल्याची शंका त्यातून येते.

आतडे कशाने दुखते

त्वचेला टाचणी टोचली तर ती कोठे टोचली ते डोळे मिटूनही सांगता येते. आतड्याचे तसे नाही. दुर्बिणीतून तपासताना आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा चिमटीने काढला जातो आणि रोग्याला ते कळतही नाही. मात्र त्याच तपासणीत हवा भरून आतडे फुगवले की तो कळवळतो. कापणे आणि चिमटणे यांची नोंद आतड्यातील चेतातंतू वेदना म्हणून करीत नाहीत. ताण, पीळ, सूज आणि रक्तपुरवठा तुटणे यांची करतात. शिवाय मेरुरज्जूकडे जाणाऱ्या संवेदी तंतूंपैकी अंतर्गत अवयवांतून येणाऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो आणि ते तंतू त्वचा व स्नायूंकडून येणाऱ्या तंतूंच्याच चेतापेशींवर येऊन मिळतात. म्हणून पोटाची कळ विस्तृत, मुकी आणि जागा न सांगणारी असते. रोगी बोट ठेवून दाखवत नाही, पोटावर अख्खा तळवा फिरवतो. कधी ती पाठीत वा मांडीतही जाणवते.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचे असे चेताजाळे आहे. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असून अन्न पुढे ढकलणे, रस स्रवणे ही कामे ते मेंदूला न विचारता करते. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी आतड्याची ही स्वायत्त हालचाल दाखवून दिली आणि १९२१ मध्ये लँगली यांनी या जाळ्याला शरीराच्या चेतासंस्थेचा स्वतंत्र विभाग मानले. पण वेदना या जाळ्यात जाणवत नाही. ती जाणवण्यासाठी वार्ता बाहेर जावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक व्हेगस ही मेंदूतून निघणारी लांब चेता. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेतात, हुकूम घेऊन खाली येणारे थोडेच. भूक, तृप्ती, मळमळ ही तिची खाती. दुसरा मार्ग पाठीच्या कण्याचा. मोठ्या आतड्यातून निघालेले बारीक तंतू कण्यालगतच्या गाठींमधून मेरुरज्जूत शिरतात आणि तेथून मेंदूकडे जातात. कळ मुख्यतः या दुसऱ्या वाटेने येते.

या तंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. काही दारे दाब व ताणाने उघडतात, काही उष्णतेने वा रसायनांनी. मिरचीचा तिखटपणा ओळखणारे टीआरपीव्ही-१ हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधले. दाब ओळखणारी पायझो ही दारे आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने २०१० साली. दोघांना मिळून २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बोटाला भाजणे आणि पोट गच्च होणे या दोन्हींच्या मुळाशी अशीच दारे आहेत. सर्व तंतू एरवी जागे नसतात, हेही महत्त्वाचे. आतड्यात असे काही तंतू आहेत की जे निरोगी अवस्थेत कितीही ताण पडला तरी गप्प राहतात आणि सूज आली की बोलू लागतात. वॉकर्टनच्या लोकांचे काय झाले असावे याची दिशा येथे सापडते.

फुगा आणि फोटो

आयबीएसच्या रोग्याचे आतडे अधिक आकुंचन पावते, म्हणून दुखते, असे पूर्वी मानत. १९७३ साली रिची या ब्रिटिश डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. रोग्यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखले. रोग्यांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तीच, दुखणे निराळे. पुढे अनेक देशांत अधिक काटेकोर यंत्रांनी हे पडताळून पाहिले गेले. सर्व रोग्यांत ही अतिसंवेदना सापडत नाही हेही तितकेच खरे. रिचींच्याच आकड्यांत जवळजवळ निम्मे रोगी तिच्याबाहेर राहिले होते. त्यांच्या दुखण्याची कारणे आणखी वेगळी असू शकतात.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून बोलका आहे. त्यात फुगा नव्हता. निरोगी माणसांना आणि आयबीएसच्या रोग्यांना इन्युलिन घातलेले पेय देऊन एमआरआय यंत्राने त्यांच्या पोटाचे फोटो काढले. इन्युलिन हा कांदा, लसूण व गहू यांतील शर्करासाखळ्यांच्या जातीचा पदार्थ. तो पचत नाही, मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर जंतू त्यापासून वायू तयार करतात. फोटोत दिसले की वायू दोन्ही गटांत सारखाच झाला. निरोगी माणसांना त्याची फारशी खबर नव्हती, रोग्यांना मात्र त्रास झाला. ‘गॅस झाला’ हे आपल्याकडचे सर्वांत आवडते निदान. गॅस सर्वांनाच होतो. तो ज्याला सोसवत नाही त्याच्या चेतातंतूंचा उंबरठा खाली आलेला असतो.

उंबरठा खाली कसा येतो, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच काम झाले आहे. त्यातील पुष्कळसे उंदरांवरील प्रयोगांतून झाले, हे या मासिकाच्या वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. येथे मात्र भर माणसांवरील निरीक्षणांवर आहे. इटलीतील बोलोन्या येथील ज्योव्हानी बार्बारा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली रोग्यांच्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मास्ट पेशी नावाच्या संरक्षक पेशी, ज्यांच्यात हिस्टामिनसारखी दाहक द्रव्ये साठवलेली असतात, त्या रोग्यांत चेतातंतूंच्या अगदी जवळ जमलेल्या दिसल्या. त्या जितक्या जवळ, तितके दुखणे तीव्र आणि वारंवार. २००८ साली लंडनच्या एका गटाला रोग्यांच्या आतड्यात टीआरपीव्ही-१ असलेले तंतू निरोगी माणसांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. नेहमीची दुर्बीण हे दाखवू शकत नाही, कारण अस्तर वरून गुलाबी आणि गुळगुळीतच असते. अहवाल निर्दोष येतो तो खोटा नसतो. त्याने जे पाहिले ते खरोखर निर्दोष असते.

बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली यात आणखी एक दुवा जोडला. पोटाच्या संसर्गाच्या काळात खाल्लेल्या अन्नाविषयी आतड्याची सहनशीलता कधी कधी मोडते. जंतू गेल्यावरही तेच अन्न आले की मास्ट पेशी तेथल्या तेथे उघडतात आणि तंतू भडकतात, असे त्यांना उंदरांत दिसले. मग त्यांनी बारा रोग्यांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, दूध आणि सोयाबीन यांचे अर्क सूक्ष्म प्रमाणात टोचले. बाराही जणांच्या अस्तराने कोणत्या ना कोणत्या अर्कावर प्रतिक्रिया दिली. आठ निरोगी माणसांपैकी दोघांच्याच. अंगावर पित्त उठत नाही, रक्ततपासणीत ॲलर्जी येत नाही, तरी ‘हे खाल्ले की दुखते’ हा रोग्याचा अनुभव खरा असू शकतो. बारा माणसे ही संख्या लहान आहे. यावरून घरातील गहू बंद करण्याची घाई कोणी करू नये.

मनाचा भाग

शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठा आतड्यात असतो. अस्तरातील विरळ विखुरलेल्या काही पेशी ते तयार करतात आणि जवळच्या संवेदी तंतूंवर सोडतात. या पेशी म्हणजे अस्तराच्या चौकीवरचे पहारेकरी. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१७ साली दाखवले की त्या तिखट, दाहक पदार्थांप्रमाणेच नॉरॲड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनालाही प्रतिसाद देतात. चिंता वाढली की पोट दुखते, यात गूढ काही उरत नाही. वरून आलेले रसायन खालच्या पहारेकऱ्याला हलवते, तो तंतूला, आणि तंतू पुन्हा मेंदूला.

मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक असावे. भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने पोटात कालवते, मायेने आतडे तुटते. पण भाषेने जे जोडले ते आपण तोडतो. दुखणे मनाशी संबंधित आहे असे कळताच ते काल्पनिक ठरवतो. वास्तविक मेरुरज्जूत वार्ता वर जाते तेव्हा मेंदूतून खाली येणारे तंतू तिचा आवाज कमी किंवा जास्त करत असतात. निजानीज झाल्यावर नळाचा ठिबकणारा थेंब मोठा ऐकू येतो, तसे काहीसे. दीर्घकाळ कळ सोसलेल्या माणसात मेरुरज्जूतील पेशीही अधिक तत्पर होतात आणि वरून येणारा लगाम सैल पडतो. तंतूचा दोष आणि मनाचा ताण यांच्यात भिंत नाही. वॉकर्टनमध्येही ज्यांचे जुलाब अधिक दिवस टिकले, ज्यांचे वजन अधिक घटले, जे तरुण होते, त्यांना आणि स्त्रियांना पुढे आयबीएस होण्याचा संभव अधिक दिसला. आठ वर्षांनंतरच्या पाहणीत आजारी पडलेल्यांमधील प्रमाण १५.४ टक्क्यांवर उतरले होते. न पडलेल्यांत ते ५.४ होते. म्हणजे अनेकांचे तंतू काळानुसार शांत झाले, सर्वांचे नव्हे.

उपायांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घराण्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर आयबीएस म्हणून स्वस्थ बसू नये. तेव्हा तपासण्या करायच्याच. यांपैकी काही नसेल तर त्याच तपासण्या दर वर्षी करण्यात अर्थ नाही.

आहारात ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेली फॉडमॅप पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. पोटात पाणी ओढणाऱ्या आणि वायू करणाऱ्या शर्करा चार ते सहा आठवडे कमी करायच्या आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसत नाही ते पाहायचे. वर्ज्य यादीत कांदा आणि लसूण अगदी वर आहेत; मधही आहे. अनेक जैन घरांत हे आधीच चुलीजवळ येत नाहीत. पण त्यावरून निश्चिंत होता येत नाही, कारण गव्हाची पोळी, राजमा, छोले, दूध, सफरचंद, फुलकोबी हेही त्याच यादीत आहेत. कंदमुळे टाळणाऱ्याच्या ताटातून कडधान्येही गेली तर प्रथिने कोठून येणार, हा प्रश्न परदेशी तक्त्यात सुटत नाही. आहारतज्ज्ञाला बरोबर घेऊनच हे करावे. पदार्थ परत आणण्याचा टप्पा बहुतेक जण विसरतात, आणि सहा आठवड्यांचे पथ्य सहा वर्षे चालते.

औषधांत पुदिन्याच्या अर्काचे तेल आतड्याचे स्नायू सैल करते. लिनॅक्लोटाइड हे बद्धकोष्ठ असणाऱ्यांसाठीचे औषध शौच सुलभ करतेच, शिवाय वेदनावाहक तंतूंना शांत करते असे प्रयोगांत दिसले आहे. अशा औषधांच्या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ते वर्ज्य असेल तर आधीच सांगावे, डॉक्टर पर्याय पाहू शकतात. मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४ साली तीस बरे न होणाऱ्या रोग्यांवर पोटाला उद्देशून केलेल्या संमोहनाचा प्रयोग केला. त्याचा परिणाम इतका स्पष्ट होता की इंग्लंडमध्ये ही उपचारपद्धती आजही चालू आहे.

सर्वांत जास्त गैरसमज ॲमिट्रिप्टिलिन या जुन्या आणि स्वस्त गोळीविषयी आहेत. डॉक्टर ती लिहून देतात, घरातील कोणी सुशिक्षित माणूस माहितीपत्रक उघडून ‘नैराश्य’ हा शब्द वाचतो आणि गोळी दुसऱ्याच दिवशी बंद होते. नैराश्यासाठी ती याहून कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. पोटासाठी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे ३० पर्यंत नेतात. या मात्रेत ती चेतातंतूंवरील वार्तेचा जोर कमी करते. इंग्लंडमधील ५५ दवाखान्यांतून ४६३ रोग्यांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर ही गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. चिंता आणि नैराश्य यांच्या मोजमापात मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. तोंडाला कोरड पडणे आणि सकाळी सुस्ती येणे हे तिचे नेहमीचे त्रास. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे सांगितल्याशिवाय ती घेऊ नये, आणि परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात हे घरातील माहितीपत्रक वाचणाऱ्या माणसालाही सांगून ठेवावे.